श्वास, सोडा आणि एक फसवा आकडा

आपण श्वास कशासाठी घेतो? सातवी-आठवीच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक सगळे हात वर येतात आणि उत्तर एकच मिळतं, ‘ऑक्सिजनसाठी’. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. श्वास सोडतो कशासाठी, असं विचारलं तर ‘कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी’ हेही मुलं सांगतात. आता तिसरा प्रश्न विचारा: समजा, ऑक्सिजन हवा तेवढा मिळतो आहे, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. मग काय होईल? इथे वर्ग गप्प होतो. खरं सांगायचं तर हा लेख लिहायला घेण्यापूर्वी आम्हालाही याचं नेमकं उत्तर देता आलं नसतं.

१९५२च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथल्या एका मोठ्या रुग्णालयातले अनुभवी डॉक्टरही याच प्रश्नापाशी अडले होते. त्यांच्यापुढे आकडा होता, पण त्याचा अर्थ ते उलटा लावत होते. आणि रोज माणसं, त्यातही बरीचशी मुलं, दगावत होती. हा गुंता कसा सुटला याची ही गोष्ट. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात दिसणारा अतिदक्षता विभाग याच गोष्टीतून जन्माला आला.

फुंकर मारून पाहा

गोष्टीआधी एक छोटा प्रयोग. अर्धा पेला पाण्यात चुन्याच्या निवळीचे चार-दोन थेंब टाका आणि फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब. पाणी गुलाबी होईल. आता नळीने त्यात हळूहळू फुंकत राहा. थोड्या वेळात गुलाबी रंग नाहीसा होतो. म्हणजे आपल्या उच्छ्वासात असं काहीतरी आहे, जे अल्कलीला मारतं. ते म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पाण्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. सोडावॉटरची बाटली उघडल्यावर जिभेला जी चुणचुण लागते, ती त्याचीच.

हेच आम्ल आपल्या रक्तातही सतत तयार होत असतं. अन्नाचं ज्वलन पेशीपेशीत चालू असतं आणि मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाकाठी अर्ध्या किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो फुप्फुसांतून बाहेर जातो. आम्ल बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडंही करतात, पण फुप्फुसांच्या मानाने ते शंभरावा हिस्साही नाही. वायूच्या रूपात का होईना, आपण श्वासागणिक आम्लच बाहेर टाकत असतो.

रक्ताची आम्लता मोजायची ती सामूवर, म्हणजे पीएचवर. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो तिथे टिकतो तो मुख्यतः एका जोडीमुळे. एकीकडे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आम्लाची बाजू. दुसरीकडे बायकार्बोनेट, म्हणजे अल्कलीची बाजू. आपला खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. या दोहोंचं प्रमाण साधारण २० ला १ असतं. बायकार्बोनेट वीस, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एक.

यातली एकच गोष्ट नीट लक्षात ठेवायची आहे. सामू ठरतो तो या जोडीच्या गुणोत्तरावर. नुसतं बायकार्बोनेट किती आहे यावर नाही, आणि नुसता कार्बन डायऑक्साइड किती आहे यावरही नाही.

काखेत कळसा

ही समजूत १९५२ साली नवी नव्हती. अमेरिकेत लॉरेन्स हेंडरसन यांनी या जोडीचं समीकरण १९०८ साली मांडलं होतं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने सामूची मोजपट्टी सुचवली. कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली होती. सोरेन्सन तिथे काम करत होते. हा कारखाना कोपनहेगनमध्ये होता. मग १९१६ मध्ये हासेलबाल्क यांनी हेंडरसनचं समीकरण आणि सोरेन्सनचा सामू यांची सांगड घालून आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो ते सूत्र बसवलं. हेही कोपनहेगनचेच.

म्हणजे सामूची मोजपट्टी या शहरातली, सूत्रही या शहरातलं. आणि छत्तीस वर्षांनी त्याच शहरातल्या रुग्णालयात रोग्याच्या खाटेपाशी ते सूत्र कुणाला आठवलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत.

असं का व्हावं? त्याचं उत्तर आधीच्या सव्वाशे वर्षांत आहे.

एका सवयीची गोष्ट

१८३१ साली इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली. विल्यम ओशॉनेसी हा बावीस-तेवीस वर्षांचा डॉक्टर साथीच्या गावी गेला आणि त्याने रोग्यांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी कमी झालं होतं, क्षार कमी झाले होते आणि अल्कलीही कमी झाली होती. हे सगळं जुलाबांतून बाहेर गेलं होतं. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ या गावी टॉमस लाटा या डॉक्टरने मीठ आणि सोडा विरघळवलेलं पाणी थेट रोग्यांच्या शिरेत सोडलं. गार पडलेली, नाडी लागत नसलेली माणसं डोळे उघडून बोलू लागली. शिरेतून सलाइन देण्याची सुरुवात तिथली. (हेच ओशॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि त्यांनी हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं. पण ती वेगळी गोष्ट.)

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मधुमेहाच्या रोग्यांतही असंच दिसलं. मधुमेह विकोपाला गेला की शरीरात आम्लं साठतात, ती रक्तातलं बायकार्बोनेट खाऊन टाकतात आणि रोगी बेशुद्ध होतो. १९१७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजायचं काचेचं उपकरण तयार केलं. या ‘एकूण’मधला बहुतांश वाटा बायकार्बोनेटचाच असतो. त्यामुळे हा आकडा म्हणजे रक्तातली ‘अल्कलीची गंगाजळी’ असं मानलं जाऊ लागलं. चाचणी सुटसुटीत होती आणि रुग्णालयांत ती रुळली. रक्ताचा सामू मोजणं मात्र किचकट आणि वेळखाऊ होतं, म्हणून त्याच्या वाटेला कुणी फारसं जाईना.

पटकी असो वा मधुमेह, बायकार्बोनेट कमी म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं. मग उलटंही खरं असणार: बायकार्बोनेट जास्त म्हणजे रक्त अल्कलीकडे झुकलेलं. कित्येक वर्षं हा आडाखा कामी आला. पण का? कारण या रोग्यांची फुप्फुसं ठीक होती. जोडीतली दुसरी बाजू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ती आपोआप सांभाळत होती. फुप्फुसांचं काम थांबलं तर हा आडाखा कोसळेल, हे सूत्रात लिहिलेलं होतं. सवयीत नव्हतं.

१९५२चा उन्हाळा

जुलै १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ सुरू झाली. लस अजून यायची होती. सॉल्क यांची लस १९५५ साली वापरात आली. पोलिओचे विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतात. पाय लुळा पडतो हे आपल्याकडे जुन्या पिढीने घरोघर पाहिलेलं आहे. पण कधीकधी घाव छातीच्या स्नायूंवर आणि घशावर पडतो. मग श्वास घेता येत नाही, गिळता येत नाही, आणि स्वतःच्याच थुंकीने माणूस गुदमरतो. कोपनहेगनच्या साथीत असे रोगी फार होते.

हे सगळे ब्लेगडाम रुग्णालयात येत. साथीच्या रोगांसाठी असलेलं हे शहराचं रुग्णालय. भर साथीत दिवसाला पन्नासच्या आसपास रोगी दाखल होत. श्वासाला मदत करणारी यंत्रं किती? एक ‘लोखंडी फुप्फुस’ आणि छातीवर कवचासारखी बसवायची सहा यंत्रं. लोखंडी फुप्फुस म्हणजे एक भलंमोठं पिंप. रोग्याला मानेपर्यंत आत निजवायचं, आतली हवा खेचून घ्यायची, की छाती फुगते आणि तोंडावाटे हवा आत जाते. अमेरिकेत १९२८ पासून ते वापरात होतं. पण घसा लुळा पडून थुंकी श्वासनलिकेत उतरत असेल तर त्याचा उपयोग थोडा.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले.

मरणापूर्वी या रोग्यांना दरदरून घाम येई, रक्तदाब चढे, ताप वाढे आणि शुद्ध हरपे. डॉक्टरांना वाटे की विषाणू मेंदूपर्यंत पोचला, आता इलाज नाही. रक्त तपासलं तर बायकार्बोनेट खूप वाढलेलं असे. सवयीप्रमाणे अर्थ लावला गेला: रक्त अल्कलीकडे झुकलं आहे, कारण अज्ञात.

बाहेरून आलेला माणूस

रुग्णालयाचे प्रमुख हेन्री लासेन हतबल झाले होते. त्यांच्या हाताखालच्या मोगेन्स ब्यॉर्नेबो या डॉक्टरने एक नाव सुचवलं: ब्यॉर्न इब्सेन. इब्सेन भूलतज्ज्ञ होते. त्या काळी भूलतज्ज्ञाचं काम शस्त्रक्रियेच्या खोलीत सुरू होई आणि तिथेच संपे. साथीच्या रोगांच्या वॉर्डात त्याचं काय काम, असं कुणालाही वाटलं असतं. लासेनही आधी का-कू करत होते. पण अखेर २५ ऑगस्टला त्यांनी इब्सेनना बोलावलं.

इब्सेननी रोगी पाहिले आणि शवविच्छेदनही पाहिलं. मेलेल्यांची फुप्फुसं त्यांनी निरखली. इतकी बिघडलेली ती नव्हती की माणूस त्यामुळेच मरावा. आणि घाम, चढलेला रक्तदाब, गुंगी ही लक्षणं इब्सेनना अनोळखी नव्हती. भूल दिलेल्या माणसाचा श्वास उथळ झाला आणि कार्बन डायऑक्साइड साठू लागला की हेच होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी त्यांनी ते पाहिलेलं होतं.

मग ते वाढलेलं बायकार्बोनेट? इब्सेनचं म्हणणं असं की हे रक्त अल्कलीकडे झुकलेलं नाहीच. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, म्हणून तो साठतो. साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमधूनच पाण्याशी संयोग होऊन बायकार्बोनेट वाढतं, आणि अल्कली जपून ठेवण्याचा मूत्रपिंडांचा प्रयत्न त्यात भर घालतो. पण आम्लाची बाजू त्याहून वेगाने वाढते आहे. हे आम्लरक्त आहे. रोगी मेंदूच्या आजाराने मरत नाहीत, श्वास अपुरा पडल्याने मरत आहेत.

फळ्यावर हे फार सोपं करून दाखवता येतं. खालचे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. बायकार्बोनेट एका लीटरमागे मिलिमोलमध्ये आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. दाबाला ०.०३ने गुणलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मिळतो.

निरोगी माणूस: बायकार्बोनेट २४, दाब ४०. विरघळलेला १.२. गुणोत्तर २०, सामू ७.४.

मधुमेहाचा रोगी: बायकार्बोनेट ८, दाब २७. विरघळलेला ०.८. गुणोत्तर १०, सामू ७.१.

उलट्यांनी हैराण झालेला रोगी: बायकार्बोनेट ३६, दाब ४८. विरघळलेला १.४४. गुणोत्तर २५, सामू ७.५.

श्वास अपुरा पडलेला पोलिओचा रोगी: बायकार्बोनेट ३६, दाब १२०. विरघळलेला ३.६. गुणोत्तर १०, सामू ७.१.

शेवटच्या दोघांचं बायकार्बोनेट अगदी सारखं आहे. पण एकाचं रक्त अल्कलीकडे झुकलेलं, तर दुसऱ्याचं आम्लाकडे. आणि मधुमेहाच्या रोग्याचं बायकार्बोनेट ८, पोलिओच्या रोग्याचं ३६, तरी दोघांचा सामू एकच. अकरावीच्या मुलांना लॉगॅरिथम कशासाठी शिकायचे असा प्रश्न पडतो, त्यांना हे गणित जरूर द्या (सामू = ६.१ + गुणोत्तराचा लॉग). सामू ७.४ वरून ७.१ वर येणं दिसायला किरकोळ वाटतं. पण त्याचा अर्थ हायड्रोजन आयन दुप्पट झाले असा होतो.

२७ ऑगस्ट

दोन दिवसांनी इब्सेनना एका रोग्यावर आपलं म्हणणं सिद्ध करायची परवानगी मिळाली. रोगी होती बारा वर्षांची एक मुलगी. हातपाय लुळे, अंगात ताप, ओठ निळे, श्वास लागलेला, घशात घरघर. तिच्या गळ्याशी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली. नळीला रबरी पिशवी जोडली. पिशवी हाताने दाबायची, की हवा थेट फुप्फुसांत.

पण मुलगी तडफडत होती, श्वासनलिका आक्रसल्या होत्या, पिशवी दाबली तरी हवा आत जाईना. जमलेल्या डॉक्टरांपैकी काही जण हे काही जमत नाही असं समजून निघूनही गेले. इब्सेननी तिला पेंटोथॉल हे भुलीचं औषध टोचलं. तिची तडफड थांबली, आणि होता तो श्वासही थांबला. आता मात्र पिशवी दाबताच छाती फुगू लागली. काही वेळाने तिची कांती सुधारली, घाम थांबला, रक्तदाब उतरला.

पुढचा भाग विज्ञानाच्या शिक्षकांना विशेष आवडावा. इब्सेननी तिला पुन्हा छातीवरच्या कवच-यंत्रावर घातलं. घाम, चढता रक्तदाब, सगळं परत आलं. मग त्यांनी नुसता ऑक्सिजन वाढवला. निळेपणा गेला, चेहरा गुलाबी झाला, पण कार्बन डायऑक्साइड साठल्याची लक्षणं तशीच राहिली. पुन्हा हाताने पिशवी दाबायला घेतली आणि ती लक्षणं ओसरली. सुरुवातीला आम्ही वर्गात विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. ऑक्सिजन पुरेसा मिळूनही माणूस आपल्याच कार्बन डायऑक्साइडमध्ये बुडू शकतो, आणि त्याचा चेहरा तेव्हा गुलाबी दिसतो.

ती मुलगी वाचली. हातपाय मात्र लुळेच राहिले.

दीड हजार जोड्या हात

उपाय सापडला, पण तो करायचा कुणी? हाताने पिशवी दाबायची ती दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, मिनिटाला पंधरा-वीस वेळा. तेवढी माणसं रुग्णालयाकडे नव्हती. लासेन आधी का-कू करत होते खरे, पण एकदा पटल्यावर त्यांनी वेळ दवडला नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना बोलावलं गेलं. दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. एकूण सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केलं. त्यांच्या कामाचे तास भरले सुमारे १,६५,०००. भर साथीत एकाच वेळी ७० रोग्यांचे श्वास असे हातांवर चालू होते.

विद्यार्थी उशाशी बसत. एका हाताने पिशवी दाबत, मुलांना गोष्टी वाचून दाखवत. गळ्यात नळी असल्याने रोग्यांना बोलता येत नसे. श्वास कमी वाटतो की जास्त, हे ती मुलं डोळ्यांनी सांगत. या पिशवीच्या वाटेत कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी सोडा-लाइमची डबी असे. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की जे होतं, तेच त्या डबीत श्वासागणिक होत होतं. हे सगळं करूनही बरेच रोगी गेले, कित्येकदा ते अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातात पिशवी असतानाच. पण आधी १०० त ८७ जण दगावत होते, ते प्रमाण वर्ष संपेपर्यंत निम्म्याहून खाली आलं.

इब्सेननी पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, कोपनहेगनच्या कोमुने रुग्णालयात एक वेगळा विभाग सुरू केला. रोग कुठलाही असो, ज्याचा श्वास किंवा रक्ताभिसरण कोसळतं आहे त्याला एका जागी आणायचं आणि चोवीस तास डोळ्यांसमोर ठेवायचं. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून बहुधा याचंच नाव घेतात.

मोजायचं कसं?

ब्लेगडामच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल ॲस्ट्रुप यांना मात्र एक गोष्ट सलत होती. इब्सेनचा तर्क लक्षणांवरून होता. त्यांनी रेडिओमीटर या डॅनिश कंपनीचा सामूमापक मिळवला आणि रोग्यांच्या रक्ताचा सामू मोजला. तो खाली गेलेला निघाला, म्हणजे रक्त आम्लच. इब्सेनचा तर्क आकड्याने सिद्ध झाला.

आता साठ-सत्तर रोग्यांसाठी रोज हे मोजायला हवं, कारण पिशवी कमी दाबली तर आम्ल साठतं आणि जास्त दाबली तर रक्त दुसरीकडे झुकतं. ॲस्ट्रुपनी युक्ती काढली. रक्ताचा नमुना कार्बन डायऑक्साइडचा दाब माहीत असलेल्या दोन वायुमिश्रणांशी मिसळायचा, दोन्ही वेळा सामू मोजायचा आणि आलेखावर दोन बिंदूंतून रेषा काढायची. मूळ रक्ताचा सामू त्या रेषेवर जिथे येतो, तिथे मूळचा दाब वाचायचा. आलेखावरून मधली किंमत काढायचं दहावीतलंच तंत्र! १९६० पर्यंत त्यांनी सिगार्ड-अँडरसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ते थोड्या थेंबांवर आणून ठेवलं. त्याच सुमारास अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी ऑक्सिजन आणि स्टो व सेव्हरिंगहाउस यांनी कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारे इलेक्ट्रोड तयार केले. आजच्या रुग्णालयात रक्तातले वायू मोजणारं जे यंत्र काही मिनिटांत कागदाची पट्टी बाहेर काढतं, ते या सगळ्यांचं मिळून झालेलं आहे.

आकडे मिळाले म्हणून वाद संपले असं नाही. आम्ल-अल्कलीचा बिघाड कसा मांडावा यावरून कोपनहेगन आणि बॉस्टनच्या शास्त्रज्ञांत १९६०च्या दशकात चांगलीच जुंपली. १९८०च्या दशकात पीटर स्ट्यूअर्ट यांनी तर बायकार्बोनेट हे कारणच नव्हे, परिणाम आहे असं मांडून सगळी चौकटच बदलायला घेतली. तो वाद अजून मिटलेला नाही.

पुन्हा एकदा तीच चूक

कोपनहेगनमध्ये जोडीतला एकच आकडा पाहिल्याने चूक झाली. पुढे दोन्ही आकडे मिळू लागले, तरी वेगळ्या रूपात तशीच चूक पुन्हा घडली. या वेळी ती शॉकच्या रोग्यांत.

डॉक्टरांच्या भाषेतला शॉक म्हणजे विजेचा झटका नव्हे आणि मनाला बसलेला धक्काही नव्हे. रक्तस्राव, जंतुदोष, हृदयाचा दुबळेपणा, कारण काहीही असो, पेशींना पुरेसं रक्त पोचेनासं होतं त्या अवस्थेला शॉक म्हणतात. लाटाचे पटकीचे रोगी शॉकमध्येच होते. ऑक्सिजन न मिळालेल्या पेशी लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि रक्त आम्लाकडे झुकतं. साहजिकच डॉक्टर सोडा टोचत. हृदय बंद पडलेल्या रोग्याला छाती दाबता दाबता सोडियम बायकार्बोनेट टोचायचं, हे कित्येक वर्षं पुस्तकात लिहिलेलं होतं. आणि तपासणीसाठी रक्त घेत ते धमनीतून.

मॅक्स हॅरी वाइल यांनी शॉकच्या अभ्यासात हयात घालवली होती. १९८६ साली शिकागोमधून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. हृदय थांबून छाती दाबण्याचं काम चालू असताना या रोग्यांच्या रक्ताचे नमुने एकाच वेळी दोन ठिकाणांहून घेतले होते: धमनीतून, आणि शरीरभरातून परतून हृदयाकडे आलेल्या अशुद्ध रक्तातून. धमनीतल्या रक्ताचा सामू सरासरी ७.४१, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३२. कुणीही म्हणेल, ठीक चाललं आहे. परतलेल्या रक्ताचा सामू मात्र ७.१५ आणि दाब ७४!

कारण समजायला सोपं आहे. छाती दाबून फुप्फुसांपर्यंत जेमतेम थोडं रक्त पोचतं. जेवढं पोचतं तेवढं हवेने धुऊन निघतं, आणि तेच धमनीत दिसतं. उरलेला सगळा कार्बन डायऑक्साइड मागे, पेशींपाशी तुंबलेला. त्यात सोडा टोचला तर काय होईल? खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून पाहा. जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. बाहेर न्यायला वाहन नाही, आणि आपण मालात भर घालतो आहोत. अशा अभ्यासांनंतर हृदय थांबलेल्या प्रत्येकाला सरसकट सोडा देणं मागे पडत गेलं.

वर्गासाठी

हा लेख लिहिताना आमच्या मनात एक जवळचा काळ पुन्हापुन्हा येत होता. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र घरोघर आलं. आकडा ९४च्या खाली गेला की काळजात धस्स व्हायचं. ते यंत्र उपयोगी होतं आणि आहे. पण ते ऑक्सिजनबद्दल सांगतं. कार्बन डायऑक्साइडबद्दल ते काहीच सांगत नाही. ऑक्सिजन लावल्यावर गुलाबी झालेला त्या बारा वर्षांच्या मुलीचा चेहरा आठवा.

ब्लेगडामचे डॉक्टर अडाणी नव्हते आणि निष्काळजीही नव्हते. त्यांचा आकडासुद्धा बरोबर होता. फक्त तो जोडीतला एक होता, आणि दुसरा नसताना त्याचा अर्थ लागत नाही हे सवयीने झाकून टाकलं होतं. ही सवय मोडली ती दुसऱ्या खोलीत काम करणाऱ्या, तीच लक्षणं वेगळ्या संदर्भात पाहिलेल्या माणसाने.

पुढच्या वेळी श्वसनाचा धडा घ्याल तेव्हा फळ्यावर एवढंच लिहा: ‘बायकार्बोनेट ३६’. आणि विचारा, रक्त आम्ल की अल्कली? मुलं दोन्हीकडून हिरिरीने भांडतील. त्यांना भांडू द्या. एखादी मुलगी हात वर करून ‘बाई, दुसरा आकडा कुठे आहे?’ असं विचारेपर्यंत थांबा.